सैन्यात जायचे आहे आणि चष्मा आहे : अर्ज भरण्याआधी डोळ्यांचा हिशेब कसा मांडावा

‘चष्मा असला तर सैन्यात घेतात का?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो, आणि त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देणारा माणूस विचारणाऱ्याचे नुकसान करतो. सैन्याला चष्म्याशी फारसे देणेघेणे नसते. चष्म्याविना किती दिसते, चष्मा लावल्यावर किती दिसते, त्या चष्म्याचा नंबर किती आहे आणि रंग नीट ओळखता येतात का, हे चार प्रश्न तिथे विचारले जातात. या चार उत्तरांची मर्यादा प्रत्येक प्रवेशासाठी निराळी असते. म्हणून आधी डोळे तपासून घ्यावेत आणि मग अर्ज भरावा, असा क्रम मी सुचवतो. आपल्याकडे तो हमखास उलटा असतो.

उलट्या क्रमाने काय होते, ते एका उदाहरणावरून सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला मुलगा दोन वर्षे पहाटे उठून धावत होता. १.६ किलोमीटरची धाव तो आरामात वेळेत मारायचा, लेखी परीक्षाही पार झाली होती. वैद्यकीय तपासणीत उजवा डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितले, तेव्हा त्याला वरच्या तीन ओळींच्या खाली काही दिसेना. डावा डोळा लहानपणापासून अधू होता आणि उजव्या डोळ्याने सगळे काम भागत असल्यामुळे त्याला किंवा घरच्यांना कधी शंकाही आली नव्हती. तो ज्या अकादमीत राहून तयारी करत होता, तिथे छाती, उंची आणि वजन दर महिन्याला मोजत. डोळे मात्र दोन वर्षांत एकदाही कुणी पाहिले नव्हते. माझ्याकडे तो आला तो नाकारल्याचा कागद हातात घेऊन. अशा ‘आळशी डोळ्या’वर उपचाराचा खरा काळ बालपणाचा असतो, आणि तो केव्हाच निघून गेला होता.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासून घेणे. भिंतीवरचा तक्ता हे स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये आखलेले साधन असून त्यातले ६/६, ६/९, ६/३६ हे आकडे दिसायला अपूर्णांक असले तरी ते अंतरे सांगतात. वरचा आकडा तुम्ही किती मीटरवर उभे आहात तो, आणि खालचा आकडा निरोगी डोळ्याला तीच ओळ किती मीटरवरून वाचता येते तो. म्हणजे ६/३६ दृष्टी असलेल्या माणसाला सहा मीटरवर जाऊन जे दिसते, ते निरोगी डोळ्याच्या माणसाला छत्तीस मीटरवरून दिसते. तक्त्याच्या शिरावरचे एकुलते मोठे अक्षर ६/६० चे असते.

तपासणीच्या वेळी दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे डोळा झाकताना तळहाताने तो दाबला जातो; मग त्या डोळ्याची पाळी आली की पहिली काही क्षण सगळे धूसर दिसते आणि चांगला डोळाही एखादी ओळ खाली घसरतो. हाताची ओंजळ करून, बुबुळाला स्पर्श न करता डोळा झाकावा. दुसरी चूक म्हणजे डोळे बारीक करून वाचणे. पापण्या जवळ आणल्या की बारीक छिद्रातून पाहिल्यासारखा परिणाम होऊन अक्षरे तेवढ्यापुरती स्पष्ट होतात, हे खरे आहे. पण हे लष्करी डॉक्टरलाही ठाऊक असते आणि तो ‘डोळे पूर्ण उघड’ असे म्हणतोच. शिवाय रात्रभर मोबाइल पाहून सकाळी तक्ता वाचायला बसू नये. जवळ पाहून पाहून डोळ्यातला स्नायू आखडला असेल, तर तात्पुरता खोटा नंबर दिसू शकतो. तसा संशय आल्यास नेत्रतज्ज्ञाकडे थेंब टाकून नंबर काढून घ्यावा, कारण थेंबाखालचा नंबर हाच खरा नंबर होय.

दुसरी पायरी नंबरच्या चिठ्ठीची. ही चिठ्ठी वाचता न आल्यामुळे पात्र मुले घरी बसतात आणि अपात्र मुले आशेवर राहतात, म्हणून इथे थोडे थांबू. चिठ्ठीवर प्रत्येक डोळ्यासमोर तीन रकाने असतात : स्फेरिकल, सिलिंड्रिकल आणि अ‍ॅक्सिस. पहिल्यात ऋण चिन्ह असेल तर दूरचे धूसर दिसते, धन चिन्ह असेल तर दीर्घदृष्टी असते, म्हणजे जवळचे पाहायला त्रास होतो. दुसरा रकाना डोळ्याच्या पृष्ठभागाचा बाक सगळीकडे सारखा नसल्याचे सांगतो आणि तिसरा त्या बाकाचा कोन देतो. समजा, चिठ्ठीवर ‘उणे १.७५, उणे ०.७५, १८०’ असे लिहिले आहे. याचा अर्थ त्या डोळ्याला एका दिशेत उणे १.७५ आणि तिच्या काटकोनातल्या दिशेत उणे २.५० एवढ्या भिंगाची गरज आहे. आता हीच चिठ्ठी दुसऱ्या दुकानात ‘उणे २.५०, अधिक ०.७५, ९०’ अशी लिहून मिळू शकते. भिंग तेच, काच तीच, फक्त लिहिण्याची पद्धत निराळी. पहिली चिठ्ठी पाहून मुलगा म्हणतो, ‘माझा नंबर पावणेदोन’, आणि दुसरी पाहून त्याचे वडील म्हणतात, ‘वर्षात नंबर वाढला की!’ सैन्याच्या मर्यादा बहुधा सिलिंड्रिकल धरून दिलेल्या असतात, म्हणून दोन्ही दिशांपैकी जो आकडा मोठा येईल तोच आपला नंबर समजून पुढचा हिशेब करावा.

आता त्या मर्यादांकडे वळू. खालचे आकडे अलीकडच्या भरतीच्या अधिसूचनांमधले आहेत. हे निकष अधूनमधून बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज भरायचा त्या वर्षीच्या अधिसूचनेतले वैद्यकीय परिशिष्ट स्वतः उघडून ताडून पाहावे; मित्राने पाठवलेल्या चित्रावर विसंबू नये.

भूदलात अधिकारी होण्यासाठी बारावीनंतर एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) वाट धरणाऱ्याला चष्म्याविना दोन्ही डोळ्यांची दृष्टी किमान ६/३६ आणि चष्म्यासह ६/६ असावी लागते, आणि नंबर उणे किंवा अधिक २.५ च्या आत असावा लागतो. त्यातला सिलिंड्रिकल भाग २ पेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे वरच्या चिठ्ठीतला मुलगा अगदी उंबरठ्यावर आहे. पदवीनंतर सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) किंवा तत्सम मार्गाने भूदलात येणाऱ्यांसाठी हा उंबरठा खाली येतो : चष्म्याविना ६/६० आणि नंबर ३.५ पर्यंत. विधी शाखा, शिक्षण शाखा यांसारख्या पदव्युत्तर प्रवेशांत चष्म्याविना ३/६० आणि उणे ५.५ पर्यंत सवलत आहे. चष्मा लावल्यावर मात्र सगळीकडे दोन्ही डोळ्यांनी ६/६ वाचता आलेच पाहिजे. दृष्टीची अट आणि नंबरची अट एकाच वेळी पाळली जावी लागते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नंबर मर्यादेत असूनही चष्म्याविना तक्त्याची ठरलेली ओळ वाचता आली नाही, तर उपयोग नाही.

यातून निघणारा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. सतराव्या वर्षी उणे ३ नंबर असलेल्या मुलाला एनडीएचे दार बंद असले, तरी पदवीनंतरचे दार उघडे आहे. मात्र त्याच वयात नंबर अजून वाढत असेल, तर एकविसाव्या वर्षी तो कुठे पोचेल याचा अंदाज नेत्रतज्ज्ञाकडून दर सहा महिन्यांनी घेत राहावे लागेल.

हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेचा निकष सर्वांत कडक आहे. एका डोळ्याने ६/६ आणि दुसऱ्याने ६/९ एवढी दृष्टी लागते आणि ती कमी असण्याचे कारण केवळ दीर्घदृष्टी असेल तरच चष्म्याने केलेली दुरुस्ती मान्य होते. ऋण नंबराचा चष्मा नेहमी वापरणाऱ्याने एनडीएतून वैमानिक होण्याचे स्वप्न वेळीच बाजूला ठेवून भूदलाचा पर्याय भरावा, असे मी स्पष्टच सांगतो. नौदलाचे निकष भूदलापेक्षा कडक आणि शाखेनुसार निराळे आहेत.

जवानांच्या भरतीत अग्निवीर जनरल ड्युटीसाठी प्रत्येक डोळ्याने तक्त्यावरची ६/६ ची ओळ वाचता येणे अपेक्षित असते. म्हणून मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाने ‘चष्म्याविना ६/६’ हेच प्रमाण मनाशी धरावे. हवाई दलाच्या अग्निवीर वायूसाठी प्रत्येक डोळ्याची दृष्टी ६/१२ असून ती चष्म्याने ६/६ होत असेल तर चालते. मात्र नंबराची मर्यादा उणे १ किंवा अधिक २ एवढीच आहे. भूदलात आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान आणि सर्वांत शेवटी वैद्यकीय तपासणी असा क्रम असल्यामुळे, डोळ्यांचा दोष कळेपर्यंत उमेदवाराचे सहा-आठ महिने आणि कुटुंबाचे बरेच पैसे खर्च झालेले असतात. जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडची एक तपासणी त्या मानाने फारच स्वस्त पडते.

पुढचा प्रश्न नेहमी येतो तो लेसरचा. ‘ऑपरेशन करून टाकू का?’ असे विचारणारा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असेल, तर माझे उत्तर ‘करू नकोस’ असेच असते. भूदलाच्या बारावीनंतरच्या प्रवेशांना लेसिक, म्हणजे लेसरने नंबर उतरवण्याची शस्त्रक्रिया, चालतच नाही, आणि अग्निवीर वायूलाही बुबुळावरची शस्त्रक्रिया मान्य नाही. पदवीनंतरच्या प्रवेशांत ती मान्य आहे, पण अटींसह : शस्त्रक्रियेच्या वेळी वय वीस वर्षांपेक्षा अधिक असावे, तिला किमान बारा महिने झालेले असावेत, बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची मध्यभागी जाडी किमान ४५० मायक्रॉन उरलेली असावी, उरलेला नंबर १ च्या आत असावा आणि आतला पडदा निरोगी असावा. साधा हिशेब केला तरी दिसते की शस्त्रक्रिया झालेला उमेदवार वयाच्या एकविसाव्या वर्षाआधी तपासणीला उभाच राहू शकत नाही. रेडियल केराटॉटॉमी या जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया झालेला उमेदवार कायमचा अपात्र ठरतो.

या अटींत डोळ्याच्या लांबीची एक अट आहे. भूदलात ती जास्तीत जास्त २६ मिलिमीटर आणि हवाई दलात जास्तीत जास्त २५.५ मिलिमीटर अशी आहे. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. मोठ्या ऋण नंबराचा डोळा लांबट झालेला असतो आणि त्यामुळे आतला पडदा ताणला जाऊन पातळ होतो. लेसर फक्त पुढच्या पटलाचा आकार बदलतो. डोळ्याची लांबी तेवढीच राहते. चष्मा गेला म्हणून डोळा निरोगी झाला, असे सैन्य मानत नाही, आणि वैद्यकीयदृष्ट्या त्याचे बरोबरच आहे. म्हणून शस्त्रक्रियेसाठी पैसे भरण्याआधी डोळ्याची लांबी आणि पटलाची जाडी मोजून घ्यावी, आणि हे दोन आकडे अधिसूचनेशी ताडून पाहावेत. शस्त्रक्रिया केलीच, तर तिची तारीख आणि पद्धत लिहिलेला रुग्णालयाचा कागद जपून ठेवावा. तो नसल्यास केवळ त्या कारणावरून अपात्र ठरवले जाते. ‘सांगितलेच नाही तर कळणार कसे?’ या भ्रमात राहू नये. पटलाचा नकाशा काढणाऱ्या यंत्रावर लेसरच्या खुणा स्पष्ट दिसतात.

हाच न्याय रात्री घालून झोपायच्या कडक लेन्सना लागू आहे. त्या पटल दाबून नंबर तात्पुरता उतरवतात, वापर थांबला की नंबर परततो. साध्या कॉन्टॅक्ट लेन्सही पटलाचा आकार किंचित बदलत असल्यामुळे तपासणीच्या आधी किमान दोन आठवडे त्या बंद कराव्यात आणि तपासणीला चष्मा घालून जावे. डोळ्यांच्या व्यायामाने ‘आठ दिवसांत चष्मा उतरवा’ अशा जाहिरातींबद्दल एवढेच सांगतो की डोळ्याची वाढलेली लांबी कोणत्याही व्यायामाने, गाजराने किंवा थेंबाने कमी होत नाही. लहान वयात रोज उघड्यावर उन्हात खेळणाऱ्या मुलांना दूरचा नंबर लागण्याचा धोका कमी असतो, हे मात्र संशोधनाने पुढे आलेले आहे. तेव्हा पाचवी-सहावीतल्या मुलाला सैनिकी शाळेत घालू पाहणाऱ्या पालकांनी शिकवणीइतकेच महत्त्व मैदानाला द्यावे.

रंग ओळखण्याच्या तपासणीची तयारी करता येत नाही. फक्त ती आधी करून घेता येते. ठिपक्यांत दडलेले आकडे असलेली तक्त्यांची वही जपानी लष्करातले डॉक्टर इशिहारा यांनी तयार केली आणि १९१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली; म्हणजे तिचा जन्मच सैन्यभरतीच्या गरजेतून झाला. रंग ओळखण्याच्या क्षमतेला ‘सीपी’ असे दर्जे दिलेले असतात : सीपी-१ हा सर्वांत कडक दर्जा वैमानिकांना लागतो, भूदलाच्या अधिकाऱ्याला सीपी-२ चालतो. रात्री समुद्रावर समोरच्या जहाजाच्या डाव्या अंगाचा दिवा लाल असतो आणि उजव्या अंगाचा हिरवा. ते दोन दिवे एकसारखे दिसणाऱ्या माणसाला जहाज कोणत्या दिशेने चालले आहे तेच कळणार नाही. रंगदोष बहुधा जन्मजात असतो आणि तो मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच अधिक आढळतो. रंगीत काचांच्या चष्म्याने तो झाकून तपासणी पार करता येत नाही. तिरळेपणा, रातांधळेपणा आणि पडद्याचे आजार हेही याच वेळी पाहिले जातात. कुटुंबात कुणाला जन्मजात रातांधळेपणा असल्यास ते घरी विचारून ठेवावे.

प्रत्यक्ष तपासणीला जाताना चालू नंबराचा चष्मा, जुन्या एक-दोन चिठ्ठ्या आणि असल्यास शस्त्रक्रियेचे कागद सोबत ठेवावेत. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी. डोळे आलेले असतील तर तसे सांगावे. अशा बरे होणाऱ्या कारणासाठी तात्पुरते अपात्र ठरवून पुढची तारीख मिळू शकते. रांगेतल्या मुलाकडून तक्त्यावरची अक्षरे पाठ करून घेण्याचा उद्योग करू नये, कारण भिंग आणि प्रकाश वापरून डॉक्टर उमेदवाराला एक शब्दही न विचारता नंबर काढू शकतो.

अधिकारी निवडीत अपात्र ठरल्यास अपील मेडिकल बोर्डाकडे जाण्यासाठी ४२ दिवसांची मुदत असते. जवानांच्या भरतीत ती पुष्कळ कमी असते आणि हाती दिलेल्या कागदावर तारीख व लष्करी रुग्णालय लिहिलेले असते. अपिलाआधी शासकीय रुग्णालयातल्या नेत्रतज्ज्ञाकडून थेंबाखाली नंबर काढून घ्यावा. मर्यादेच्या आसपासच्या पाव नंबराचा वाद असेल, तर अपील जरूर करावे. रंगदोष किंवा मर्यादेबाहेरचा नंबर असेल, तर तो प्रवास आणि तो खर्च टाळून आपल्या डोळ्यांना बसणाऱ्या दुसऱ्या प्रवेशाचा अर्ज भरावा.

निवड झाल्यानंतरचा चष्मा हा निराळा विषय आहे, आणि दुकानदारांना तो क्वचितच माहीत असतो. जमिनीवर पालथे पडून, गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकवून नेम धरताना डोळा भिंगाच्या मधून पाहत नाही. तो वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो. फॅशनची अरुंद फ्रेम असेल तर तिची काठ नेमक्या त्याच जागी आडवी येते. म्हणून उंचीला पुरेशी, नाकावर घट्ट बसणारी, चमक नसलेली फ्रेम घ्यावी आणि घेताना दुकानातच मान तशी वाकवून, गाल खांद्याजवळ आणून पाहावे. काचेऐवजी पॉलिकार्बोनेटची भिंगे घ्यावीत, ती सहजी फुटत नाहीत. आपोआप काळी होणारी भिंगे थंडीत अधिक गडद होतात आणि उन्हाळ्यात कमी, हे उंच पहाडी ठाण्यावर जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे. तिथल्या बर्फावरून परतणाऱ्या किरणांसाठी बर्फाचा गॉगलच लागतो. विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्याखाली नेहमीचा चष्मा चालत नाही, कारण त्याच्या काड्यांमुळे कानशिलाजवळ फट राहते. त्यासाठी मुखवट्याच्या आत बसणारी भिंगे असतात. धूळ बसलेली भिंगे कोरड्या रुमालाने पुसू नयेत, पाण्याने धुवावीत.

सैन्याच्या वैद्यकीय श्रेणीला ‘शेप’ म्हणतात आणि त्यातले शेवटचे अक्षर डोळ्यांचे असते. सेवेत असताना ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीत ते पुन्हा पुन्हा पाहिले जाते. नंबर वाढला तर तो लपवू नये, वेळीच नोंदवून नवा चष्मा घ्यावा. चाळिशीच्या सुमारास बहुतेकांना जवळचा चष्मा लागतो, भरतीच्या वेळी ६/६ असलेल्यांनाही. प्रशिक्षणाला निघताना एकाच नंबराचे दोन चष्मे आणि मागे बांधायची दोरी घ्यावी, दुसरा चष्मा कडक डबीत ठेवावा आणि त्या डबीत नंबराची चिठ्ठी घडी करून टाकावी. पहिला चष्मा बहुधा पहिल्या महिन्यातच, पोहण्याच्या तलावात किंवा बॉक्सिंगच्या तासाला, कामातून जातो.